वाद्यवृंद उभा करायचा की कार्यक्रम काढायचे?

पत्र : मी सांगलीत राहतो. वय 26. हार्मोनियममध्ये विशारद झालो आहे आणि पाच वर्षं इथल्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गणपती, नवरात्र, यात्रा, दिवाळी पहाट अशी आमची कामं असतात. दिवसा पतसंस्थेत नोकरी आहे. मला वीस-बावीस वादकांचा स्वतःचा वाद्यवृंद उभा करायचा आहे, समोर उभं राहून तो चालवायचा आहे आणि कार्यक्रमही स्वतःच काढायचे आहेत. नात्यातले एक काका पहिल्या कार्यक्रमासाठी तीन लाख उसने द्यायला तयार आहेत. नोकरी सोडू का? की आधी मुंबईला किंवा परदेशात जाऊन कंडक्टिंग शिकू? सुरुवात कुठून करावी?
— एक कीबोर्डवादक, सांगली

उत्तर : नमस्कार. तुम्हाला दोन कामं करायची आहेत, आणि दोन्ही एकाच संध्याकाळी करायची आहेत. खरी अडचण तिथेच आहे. कार्यक्रम सातचा असेल तर पाच ते सात या दोन तासांत निर्मात्याला तिकीट खिडकी, पासवाले पाहुणे, प्रायोजकाचा फलक, जनरेटरवाला आणि वादकांचं जेवण हे सगळं बघावं लागतं. त्याच दोन तासांत कंडक्टरने साउंड चेक संपवून, पार्ट (प्रत्येक वादकाची लिहिलेली ओळ) स्टँडवर लावून, गायकांशी शेवट पक्के करून शांत बसलेलं असावं लागतं. दोन्ही एकट्याने केलं की पहिल्या गाण्याची लय हमखास चढते, कारण धावपळीतून आलेला माणूस हातही धावतच उचलतो. म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे. दोन्ही कामं शिका, पण पहिली दोन वर्षं एका कार्यक्रमात एकच काम करा. आणि सुरुवात कंडक्टिंगपासून करा, कारण त्याला भांडवल लागत नाही.

आधी पार्ट, मग हात

समोर उभं राहण्याचं काम प्रत्यक्षात टेबलाशी सुरू होतं. तुमचा ऑर्केस्ट्रा बहुधा कानाने बसवलेला असेल. कीबोर्डवर दाखवायचं, बाकीच्यांनी उचलायचं. आठ जणांत हे चालतं. चार व्हायोलिन, बासरी, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन आले की चालत नाही. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पार्ट हवा आणि तुमच्यापुढे सगळ्यांचा मिळून स्कोअर हवा. म्यूझस्कोअर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर लिहा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा (मात्रांच्या एका खंडाचा) क्रमांक छापा. इंट्रो, मुखडा, पहिलं म्युझिक (मधला नुसत्या वाद्यांचा तुकडा), अंतरा अशा जागांना अ, ब, क अशी ठळक अक्षरं द्या. पान उलटायची जागा वादकाला विश्रांती असेल तिथेच आली पाहिजे, नाहीतर नेमक्या भरगच्च ओळीत व्हायोलिनचा एक हात कागदावर जातो. एका पानावर आठ-नऊ ओळींपेक्षा जास्त दाटी नको; रंगमंचावरच्या अंधूक उजेडात ती वाचता येत नाही. उघड्या मैदानावर कागद उडतात, तेव्हा कपड्यांचे चिमटे पिशवीत असू द्या.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, सगळ्यांना येणार नाही. बासरीवाल्याला सरगममध्ये लिहून द्या, वर सा कोणता ते लिहा, मात्रांचे खंड दाखवा. त्यात कमीपणा काही नाही. पण तुम्हाला स्वतःला दोन्ही लिप्या सारख्याच सफाईने वाचता-लिहिता आल्या पाहिजेत.

स्केलचा निर्णय सगळ्यात आधी घ्या. तो एकट्या गायकाच्या सोयीचा नसतो. समजा गाणं पांढरी 2 (डी) मध्ये बसवलं आणि गायकाने आयत्या वेळी काळी 1 (डी फ्लॅट) मागितली. कीबोर्डवर तुम्ही ट्रान्स्पोजचं बटण दाबाल. व्हायोलिनला बटण नसतं. पांढरी 2 मध्ये जी, डी, ए, ई या चारही मोकळ्या तारा उपयोगी पडतात. काळी 1 मध्ये त्यातली एकही लागत नाही. प्रत्येक स्वर दाबून काढायचा, त्यामुळे जलद फिलर (गायकाच्या ओळींमधली जागा भरणारा तुकडा) चिकट आणि बेसूर होतो. बी फ्लॅट ट्रंपेटचं नेमकं उलटं आहे. त्याचा पार्ट ऐकू येणाऱ्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो, म्हणून काळी 1 त्याला तीन फ्लॅटमध्ये सोपी जाते आणि पांढरी 2 चार शार्पमध्ये अवघड. आल्टो सॅक्सोफोनचा पार्ट मेजर सिक्स्थ (सा ते शुद्ध ध एवढा) वर लिहायचा; त्याला काळी 1 म्हणजे दोन फ्लॅट, पांढरी 2 म्हणजे पाच शार्प. हे तुम्हाला न विचारता सांगता आलं पाहिजे. अर्ध्या तासाच्या तालमीत होणारी निम्मी भांडणं या एका गोष्टीवरून होतात आणि दोष मात्र वादकावर येतो.

गाण्यांचा क्रमही इथूनच ठरतो. बासरी बदलायला, ढोलकी चढवायला-उतरवायला वेळ लागतो. लागोपाठच्या दोन गाण्यांत पट्टी दूर गेली तर मध्ये निवेदन ठेवा. निवेदकाला सांगून ठेवा की इथे किमान 40 सेकंद बोलायचंच आहे.

हाताचं काम

चार मात्रांत खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. तीनमध्ये खाली, उजवीकडे, वर. ही आकृती आठवड्यात येते. न येणारी गोष्ट म्हणजे पहिल्या मात्रेच्या आधीचा उठाव. त्या एका हालचालीत लय, जोर आणि श्वास तिन्ही कळले पाहिजेत. नवशिक्याचा उठाव संथ असतो आणि खाली येणारा हात वेगात पडतो. मग ढोलकी एका लयीत शिरते, व्हायोलिन दुसऱ्या, आणि दोन बार गेल्यावर सगळे ढोलकीकडे वळतात. तुमच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. मेट्रोनोम 72 वर लावा, मोबाइल समोर ठेवून स्वतःचं चित्रीकरण करा आणि आवाज बंद करून बघा. नुसत्या हाताकडे बघून दुसऱ्या माणसाला लय टाळीने देता आली तर उठाव जमला. रोज 20 मिनिटं, तीन महिने.

डावा हात उजव्याची नक्कल करत असेल तर तो खिशात घाला, इतकी ही सवय वाईट आहे. डाव्या हाताला वेगळं काम असतं: प्रवेश दाखवणं आणि आवाज चढवणं-उतरवणं. प्रवेश दाखवायचा तर एक बार आधी त्या वादकाच्या डोळ्यांत बघायला हवं. ऐन मात्रेवर बोट दाखवून उपयोग नाही.

आपल्या तालांची एक खास मेख आहे. सात मात्रांच्या रूपकात सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’ या टाळीविना जागेवर असते: तीं तीं ना, धी ना, धी ना. डग्ग्याचा घुमारा चौथ्या मात्रेवर येतो. नुसतं पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला व्हायोलिनवादक त्या घुमाऱ्यालाच एक समजतो आणि त्याची सगळी ओळ तीन मात्रा उशिरा येते. तिथे 3-2-2 असा हात करा, पहिल्या मात्रेचा खाली येणारा हात मोठा आणि स्वच्छ ठेवा आणि पार्टमध्ये तबल्याचे बोल बारीक अक्षरात छापा. झपतालात 2-3-2-3. दादरा द्रुत असेल तर सहा मात्रा न दाखवता दोनच ठोके दाखवा.

सुगम संगीताच्या वाद्यवृंदात लय शेवटी ढोलकी आणि ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावरच असते. तिच्याशी झुंजू नका. तुमचं खरं काम प्रवेश, शेवट आणि गायक चुकला की सगळ्यांना सावरणं. गायक पहिल्या अंतऱ्यानंतर म्युझिक न घेता थेट दुसऱ्यात शिरतो, हे दर कार्यक्रमात एकदा तरी होतं. त्यासाठी खुणा ठरलेल्या हव्यात. डोक्यावर तळवा म्हणजे मुखड्यावर जा, दोन बोटं म्हणजे दुसरा अंतरा, वर धरलेली मूठ म्हणजे या आवर्तनाला शेवट. तालमीत मुद्दाम गायकाला चुकायला लावा आणि या खुणांवर दहा सेकंदांत सगळे एकत्र येतात का ते बघा.

माणसं कुठून आणायची

तुमचा भाग या बाबतीत श्रीमंत आहे. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची वस्तीच आहे, त्यामुळे सतार आणि तानपुरा दारात. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियमसाठी लग्नातल्या ब्रास बँडकडे जा. त्यांचा दम आणि आवाज उत्तम असतो; हळू वाजवायची सवय नसते, ती तालमीत लावावी लागते. त्यांची लग्नसराईची तारीख आधी विचारून घ्या, नाहीतर ऐन वेळी ते मुहूर्तावर असतील. शास्त्रीय व्हायोलिनवादक बहुधा सा-प-सा-प असं तार लावून येतात; वाद्यवृंदात जी-डी-ए-ई लागतं, हे पहिल्याच फोनवर सांगा. हार्मोनियम घेणार असाल तर ट्यूनरवर आधी तपासा. ती 440 हर्ट्झ या प्रमाण सुराच्या जरा वर-खाली असेल तर संध्याकाळी बदलता येत नाही, बाकी सगळ्यांना तिच्याकडे यावं लागतं. कीबोर्डचा पिच तिला जुळवा किंवा ती घरी ठेवा.

दिवाळी पहाटेचा अनुभव तुम्हाला आहेच. पहाटेच्या गारव्यात बासरी उतरते, तारा आखडून चढतात, आणि कृष्णाकाठी दव असेल तर तबल्याची पुडी (कातडं) सैल पडते. तिन्ही एका दिशेने जात नाहीत. म्हणून वाद्यं अर्धा तास आधी रंगमंचावरच्या हवेत उघडी ठेवा, बासरीवाल्याला फुंकून वाद्य गरम करू द्या, आणि जुळणी दोनदा करा: एकदा सुरुवातीला, एकदा तिसऱ्या गाण्यानंतर.

शिकायला कुठे जायचं

सिम्फनीच्या कंडक्टिंगची ओढ असेल तर ती खरी आहे का हे आधी सांगलीत बसून तपासा. मोझार्ट-हायडनचे स्कोअर कॉपीराइटमुक्त आहेत, आयएमएसएलपी या संकेतस्थळाच्या संग्रहात फुकट मिळतात. हायडनची सुरुवातीची एखादी सिम्फनी घ्या. दोन ओबो, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं, एवढाच पसारा असतो. ती पियानोवर वाचून वाजवता येते का बघा. तीन महिन्यांत कंटाळा आला तर उत्तर मिळालं. नाही आला तर पियानोच्या आणि थिअरीच्या ग्रेड परीक्षा द्या आणि एक तंतुवाद्य हातात घ्या. कंडक्टर झुबिन मेहता 1954 मध्ये, 18 व्या वर्षी व्हिएन्नाला गेले तेव्हा त्यांनी हान्स स्वारोव्हस्कींकडे कंडक्टिंग शिकताना डबल बासही शिकला. त्यांच्या घरातच वाद्यवृंद होता. वडील मेहली मेहता यांनी मुंबईत सिम्फनी वाद्यवृंद उभारला होता. तेवढी तयारी नसताना परदेशी प्रवेशपरीक्षेला जाणं म्हणजे फीचे पैसे वाया. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांच्या हंगामात एक-दोन कार्यक्रम स्कोअर आधी वाचून बघा, आणि शक्य असेल तर कंडक्टरचा चेहरा दिसेल अशा बाजूच्या जागेवर बसा.

पण तुमच्या पत्रात सिम्फनीचं नाव एकदाही नाही. तुम्हाला गाण्यांचा वाद्यवृंद हवा आहे. त्याची परंपरा आपल्याकडे भक्कम आहे. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा आणि आपल्या अनिल मोहिले यांच्यासारख्या संयोजकांनी ते काम लिहून, बसवून, समोर उभं राहून केलं. त्यासाठी सांगली सोडायची गरज नाही.

पहिल्या वर्षी 11 जणांचा संच करा: चार व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, दोन कीबोर्ड, बेस गिटार, ढोलकी-तबला एक, ऑक्टोपॅड एक. आठ गाणी, 40 मिनिटं. स्वतःचा कार्यक्रम न काढता दुसऱ्याच्या दिवाळी पहाटेत किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात हा एक भाग म्हणून वाजवा. एक तालीम फक्त व्हायोलिनची, एक फक्त ऱ्हिदमची, दोन एकत्र. तीन तासांच्या तालमीत वीस मिनिटं चहा धरली तर आठ गाण्यांना प्रत्येकी 20 मिनिटं मिळतात. त्यात गाणं तीनदा पूर्ण होतं. त्याहून जास्त गाणी घेतली तर शेवट कच्चे राहतात. आणि तालमीचे पैसे नाइटपेक्षा (कार्यक्रमाच्या मानधनापेक्षा) वेगळे, थोडे का असेना, द्या. फुकट तालमीला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि त्याचं चुकत नाही.

निर्मात्याचं काम

हे शिकायला दुसऱ्या कोणाच्या तरी तीन कार्यक्रमांत रंगमंच व्यवस्थापक व्हा. तेव्हा पुढच्या गोष्टी कळतील.

आपल्याकडे नाट्यगृह सत्रावर मिळतं. सांगलीचं भावे नाट्यमंदिर असो की साताऱ्याचं शाहू कला मंदिर, रात्रीचं सत्र घेताना दुपारच्या सत्रात काय आहे ते विचारा. दुपारी नाटक असेल तर रंगमंच रिकामा व्हायला संध्याकाळ होते आणि वीस वादकांची जोडणी दीड तासात करावी लागते. ती होत नाही. दुपारचं सत्रही घ्या किंवा तारीख बदला.

साउंडवाल्याला "मोठा सेट आणा" असं सांगू नका, चॅनलची यादी द्या. ड्रम किटला 7, ढोलकी 2, तबला 2, ऑक्टोपॅड 2, दोन कीबोर्ड स्टिरिओ 4, बेस 1, गिटार 2, बासरी 1, व्हायोलिन 4, ट्रंपेट-सॅक्सोफोन 2, गायक 4, निवेदक 1. हे 32 झाले. म्हणजे 32 चॅनलचा मिक्सर काठोकाठ भरला आणि कोरसच्या दोन माइकना जागा उरली नाही. हे तालमीच्या आठवड्यात कळलं तर ऑक्टोपॅड आणि एक कीबोर्ड मोनो करून किंवा व्हायोलिनला दोघांत एक माइक देऊन सोडवता येतं. सहा वाजता कळलं तर कोणाचा तरी माइक काढावा लागतो, आणि तो नेहमी व्हायोलिनचाच निघतो.

साउंड आणि लाइट वेगवेगळ्या फेजवर घ्या, नाहीतर दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर हलला की स्पीकरमध्ये घरघर येते. कीबोर्ड आणि बेस डीआय बॉक्समधूनच (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतूनच) जावेत. घरघर घालवायला काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढतात. हे कधीही, कोणालाही करू देऊ नका. पावसाळ्यात ओल्या मांडवात गायकाच्या हातात धातूचा माइक असतो. जीव जाऊ शकतो. असा प्लग दिसला तर कार्यक्रम थांबवायचा अधिकार तुमचा आहे, तो वापरा.

परवाने: गाणी प्रत्यक्ष वाजवून सादर करायची तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना लागतो; मध्यंतरात किंवा नाचाला रेकॉर्ड केलेलं संगीत लावणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा, तो पीपीएलसारख्या संस्थेकडून घ्यावा लागतो. कार्यक्रम यूट्यूबवर टाकायला यातला एकही पुरत नाही. उघड्यावर कार्यक्रम असेल तर पोलिसांची ध्वनिक्षेपकाची परवानगी हवी, आणि रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद असतो; वर्षातले जाहीर झालेले ठरावीक दिवसच मध्यरात्रीपर्यंत सूट असते. हा नियम पहाटेलाही लागू आहे, हे दिवाळीत अनेकांना सुचत नाही. मैदानावर साडेपाचला पहाट सुरू करायची तर सहापर्यंत माइकशिवाय सनई किंवा भूपाळी ठेवा, नाहीतर बंद सभागृह घ्या. तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर संगीताच्या कार्यक्रमाला जीएसटी माफ आहे. छापायला देण्याआधी सीएला एकदा दाखवा.

आणि सत्कार. प्रायोजक आले की शाल-श्रीफळ येणारच, ते नाकारू नका. पण वेळ लेखी ठरवा: मध्यंतरानंतर लगेच, एकूण दहा मिनिटं, भाषण नाही, यादी आदल्या दिवशी बंद. शाली घडी करून टेबलावर क्रमाने ठेवलेल्या हव्यात. पंधरा मिनिटं जास्त गेली की शेवटची तीन गाणी कापली जातात, आणि शेवटची तीन तुम्ही सगळ्यात मेहनतीने बसवलेली असतात.

मंडळाच्या कार्यक्रमाची सुपारी घेताना निम्मे पैसे तारीख देतानाच, उरलेले रंगमंचावर वाद्यं लावण्याआधी. पावसामुळे रद्द झालं तर वादकांचं काय, हे त्याच कागदावर लिहून घ्या.

काकांचे तीन लाख

आता हिशेब. पुढचे आकडे पद्धत दाखवण्यासाठी आहेत, बाजारभाव तुम्हाला ठाऊक आहेत. वीस-बावीस जणांच्या नाइट 90,000, तालमी 30,000, साउंड-लाइट 45,000, नाट्यगृहाची दोन सत्रं 25,000, जाहिरात-छपाई 20,000, परवाने 15,000, जेवण-वाहतूक 15,000. एकूण 2,40,000. सभागृह समजा 700 खुर्च्यांचं. 100 पास जातातच. उरलेल्या 600 पैकी 60 टक्के खपली तर 360 तिकिटं, सरासरी 250 रुपयांनी 90,000. दीड लाख कमी पडले. सगळी 600 खपली तरी दीड लाखच येतात, म्हणजे भरलेल्या सभागृहातही 90,000 तोटा. तिकिटावर एवढा वाद्यवृंद उभा राहत नाही, तो प्रायोजकावर उभा राहतो.

म्हणून काकांचे पैसे उसने घेऊ नका. तिकीट 60 टक्के खपल्यावर जी तूट राहते तेवढ्या रकमेचे प्रायोजक कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी चेकसकट हातात नसतील तर 11 जणांचाच संच घ्या. काकांना खरंच मदत करायची असेल तर त्यांचं नाव सहप्रायोजक म्हणून छापा आणि रकमेला 25,000 ची मर्यादा घाला. ती परत द्यायची नाही हे दोघांत स्पष्ट असू द्या. वरच्या हिशेबाने प्रायोजकाशिवाय तीन लाख दोन संध्याकाळींत संपतात आणि नातं बिघडतं ते वेगळंच.

नोकरी आत्ता सोडू नका. तालमी संध्याकाळी होतात, कार्यक्रम सुट्टीला येतात, पतसंस्थेच्या वेळा त्याच्या आड येत नाहीत. तुमच्याकडे स्वतः लिहिलेल्या 60 गाण्यांचे पूर्ण पार्ट असतील, प्रत्येक जागेसाठी दुसरा वादक तयार असेल, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तेव्हा हा प्रश्न पुन्हा काढा. आठवड्याला एक गाणं लिहिलंत तर साठाला सव्वा वर्षाच्या आत पोचता. येत्या गणपतीत तुमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांना विचारून एका गाण्याचे पार्ट लिहून न्या आणि ते गाणं कीबोर्डवरून उठून, समोर उभं राहून घ्या.